शून्याचे खाने, पॉलिटोप आणि एमएलई : सर्व्हेचा प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी), पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, डिग्रीला संख्याशास्त्र आणि मग एम.एस्सी.ला सर्व्हेचा प्रोजेक्ट. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या कितीतरी मुलामुलींची वाट अशीच असते. माझीही अशीच होती. प्रोजेक्टात तीन-चार प्रश्नांचा तक्ता होतो, त्यावर लॉग-लिनियर मॉडेल (खान्यांच्या अपेक्षित आकड्यांचे लॉग बेरजेच्या रूपात मांडणारं मॉडेल) बसवायचं असतं, आणि सॉफ्टवेअर आकडे देऊन मोकळं होतं. पण त्या आकड्यांना अर्थ आहे का, मुळात उत्तर आहे तरी का, हे तिथे लिहिलेलं नसतं. ते कळतं एका भौमितिक आकारावरून. त्याला लॅटिस पॉलिटोप म्हणतात, आणि त्याची गरजेपुरती ओळख इथे करून देते.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. एमएलई, म्हणजे मॅक्सिमम लाइकलिहूड एस्टिमेट (मॉडेलमधला असा अंदाज, ज्याने आपला डेटा मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त होते), मागण्याआधी तुमचा डेटा पॉलिटोपच्या आत आहे की काठावर ते बघा. आत असेल तर उत्तर आहे आणि ते एकच आहे. काठावर असेल तर उत्तर नाही, मग स्क्रीनवर काहीही उमटो.

हाताशी काय लागेल

- सर्व्हेचे मूळ फॉर्म. नुसता बेरजांचा कागद पुरत नाही, कारण एखादा खाना शून्य का आला हे फॉर्म बघूनच कळतं.
- वही. पहिली दोन उदाहरणं हातानेच सोडवा.
- आर, हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, आणि त्यातलं 'लॉगलिन' हे फंक्शन आपल्या कामाला पुरतं.
- सॉल्व्हर असलेली स्प्रेडशीट: एक्सेल किंवा लिब्रेऑफिस.
- पुढे जायचं असेल तर पॉलिटोप आणि बीजगणिताची सॉफ्टवेअर: फोर-टी-आय-टू, पॉलीमेक, मॅकॉले-टू, सेज. हीसुद्धा फुकट. पॉलीमेक विंडोजवर बसवताना डोकं उठतं. सेज आणि मॅकॉले-टू ब्राउझरमध्येही चालतात, तेव्हा सुरुवात तिथून करा.

मॅट्रिक्स, लॉग आणि काय-स्क्वेअर चाचणी एवढं आधी आलेलं असलं की झालं.

## १. फॉर्म छापण्याआधी शून्यांचा विचार करा

आपल्या भागातल्या सर्व्हेत 'घरची भाषा' हा प्रश्न असतोच, आणि खाली दोनच चौकोन असतात: मराठी, कन्नड. बेळगावच्या शहापूर-वडगावात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही, जिथे आईशी मराठी आणि शेजारी कन्नड चालतं. खानापूरच्या घाटाकडच्या गावांत कोंकणी भेटते, कितीतरी घरांत उर्दू. अशा माणसाला दोनपैकी एका चौकोनात बसवलं की तक्ता सुटसुटीत होतो आणि खोटाही होतो. 'दोन्ही' आणि 'इतर' असे पर्याय ठेवा. नंतर गट एकत्र करता येतात, फोडता येत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे शून्य दोन प्रकारचे असतात. गावात मराठी शाळा सातवीपर्यंतच असेल, तर 'दहावी गावातच, माध्यम मराठी' हा खाना कधीच भरणार नाही. हा रचनेतला शून्य. तो खाना मॉडेलमधूनच काढायचा, आणि त्याबरोबर पॉलिटोपही बदलतो. दुसरा शून्य नमुन्यातला: तशी माणसं गावात आहेत, आपल्या फॉर्ममध्ये आली नाहीत एवढंच. खालचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. कोणता शून्य कुठला ते फॉर्मवर त्याच दिवशी लिहून ठेवा.

आणि प्रश्न आवरा. होय-नाही असे पाच प्रश्न म्हणजे ३२ खाने. साठ फॉर्ममध्ये ते सगळे भरतील ही आशा सोडा.

## २. तक्त्याचं मॅट्रिक्स करा

मॅट्रिक्समध्ये तक्त्याच्या प्रत्येक खान्याला एक स्तंभ द्यायचा, आणि मॉडेलमध्ये जपायच्या (म्हणजे डेटाइतक्याच ठेवायच्या) प्रत्येक बेरजेला एक ओळ. खाना त्या बेरजेत येत असेल तर १, नसेल तर ०.

२×२ च्या तक्त्यात दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत असं मॉडेल घेतलं, तर जपायच्या बेरजा चार: दोन आडव्या, दोन उभ्या. चार खान्यांचे स्तंभ येतात (१,०,१,०), (१,०,०,१), (०,१,१,०), (०,१,०,१). या मॅट्रिक्सला तक्त्याने गुणलं की कडेच्या बेरजा मिळतात. लाइकलिहूडला तुमच्या डेटातलं एवढंच दिसतं.

इथे एक चूक फार होते. आरमध्ये मॉडेल एक लिहिलेलं असतं आणि वहीतलं मॅट्रिक्स दुसऱ्याच मॉडेलचं असतं. कुठल्या बेरजा जपतोय ते आधी मराठीत वाक्य करून लिहा, मग मॅट्रिक्स मांडा.

## ३. स्तंभांपासून पॉलिटोप

प्रत्येक स्तंभ हा एक बिंदू समजा. पाटावर खिळे ठोकून भोवती रबर बँड ताणला की जो आकार बंद होतो, तोच या बिंदूंचा पॉलिटोप. फक्त मिती जास्त असू शकतात. बिंदूंचे निर्देशांक पूर्णांक आहेत, म्हणून लॅटिस पॉलिटोप. वरच्या २×२ च्या चार स्तंभांचा चौरस होतो.

आता कडेच्या बेरजांना एकूण संख्येने भागा. जो बिंदू मिळतो तो नेहमी या पॉलिटोपमध्येच पडतो, कारण तो स्तंभांची भारित सरासरी आहे. फक्त तो आत पडला की काठावर, एवढाच प्रश्न उरतो. चौरसात काठ म्हणजे एखादी आडवी किंवा उभी बेरीज शून्य असणं. इथे डोळ्यांनी कळतं. मोठ्या तक्त्यात कळत नाही.

## ४. बर्च यांचं प्रमेय, आणि वहीवर करायची युक्ती

१९६३ साली संख्याशास्त्रज्ञ बर्च यांनी दाखवलेली गोष्ट अशी: मॉडेलमधला असा बिंदू शोधा, ज्याच्या कडेच्या बेरजा डेटाच्या बेरजांइतक्याच आहेत आणि ज्याचे सगळे खाने धन आहेत. असा बिंदू असेल तर एकच असतो, आणि तोच एमएलई. हॅबरमन यांनी १९७४ मध्ये अस्तित्वाची अट स्वच्छ मांडली. तिचा सोपा अर्थ असा की त्याच बेरजा देणारा, सगळे खाने धन असलेला कुठलाही एक तक्ता तयार करता आला पाहिजे. तो मॉडेलमध्ये बसला नाही, अपूर्णांकी असला तरी चालेल. असा तक्ता होतो तेव्हाच बिंदू पॉलिटोपच्या आत असतो.

हे हाताने करून बघूया. एमएन रक्तगटात तीन प्रकार असतात: एमएम, एमएन, एनएन. हार्डी-वाइनबर्ग या आनुवंशिकतेतल्या मॉडेलमध्ये त्यांचं प्रमाण १, २, १ या सहगुणकांसह येतं. प्रत्येक माणसात 'एम' किती हे मोजलं तर २, १, ०. म्हणजे पॉलिटोप हा ० ते २ असा रेषाखंड आहे आणि त्यावर तीन पूर्णांक बिंदू आहेत.

सरावासाठी काल्पनिक आकडे घ्या: ३०, २०, १०. 'एम'ची बेरीज न बदलता तक्ता हलवायचा तर एकच रस्ता आहे: टोकांना ट मिळवा, मधून २ट काढा. मॉडेलची अट (४ × एमएम × एनएन = एमएनचा वर्ग) लिहिली की

४ (३० + ट)(१० + ट) = (२० − २ट)²

दोन्हीकडे ४ट² येतं आणि उडून जातं. राहतं २४०ट = −८००, म्हणून ट = −१०/३. तक्ता होतो २६.६७, २६.६७, ६.६७. 'एम'चं प्रमाण ८०/१२० म्हणजे २/३, आणि ४/९, ४/९, १/९ ने ६० ला गुणून तेच आकडे येतात. ताळा जमला.

आता १, २, १ ऐवजी १, १, १ असे सहगुणक घ्या. रेषाखंड तोच, डेटा तोच. पण समीकरण होतं

(३० + ट)(१० + ट) = (२० − २ट)²

इथे वर्ग उडत नाही: ३ट² − १२०ट + १०० = ०. उत्तरं दोन, साधारण ०.८५ आणि ३९.१५. दुसऱ्याने मधला खाना ऋण होतो, म्हणून ०.८५ घ्यायचं.

लाइकलिहूडच्या समीकरणांना एकूण किती उत्तरं असतात, कॉम्प्लेक्स उत्तरं धरून, त्या संख्येला एमएल डिग्री म्हणतात. ती पॉलिटोपच्या प्रमाणित घनफळापेक्षा (सर्वांत लहान लॅटिस सिम्प्लेक्सचं, म्हणजे रेषाखंड-त्रिकोणासारख्या आकाराचं, घनफळ १ धरून मोजलेल्या) जास्त होत नाही. रेषाखंडाची लांबी २, म्हणून कमाल दोन. सहगुणक १, २, १ असतील तर ते सहगुणक घेऊन लिहिलेल्या १ + २क्ष + क्ष² या बहुपदीचा विवेचक शून्य होतो (४ − ४ = ०) आणि डिग्री १ वर उतरते. मला या विषयात सगळ्यात आवडतं ते हेच. आकार तोच राहतो, आणि सहगुणक नेमके जुळले की अवघड समीकरण एका ओळीचं होतं. डिग्री १ असलेल्या मॉडेलांची रचना पूर्णपणे उलगडणारं काम गणितज्ञ जून ह यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे २०२२ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळालं.

२×२ चा तक्ता याच युक्तीने करून बघा. एका कर्णाला ट मिळवा, दुसऱ्यातून काढा. वर्ग उडतो आणि आडवी बेरीज × उभी बेरीज ÷ एकूण हे ओळखीचं सूत्र निघतं.

## ५. तीन प्रश्नांचा तक्ता, जिथे बहुतेकजण अडकतात

निपाणीतल्या एखाद्या सर्व्हेचं उदाहरण घेऊ. आकडे मी मनाने घेतले आहेत. प्रश्न तीन: घरची भाषा (मराठी/कन्नड), शाळेचं माध्यम (मराठी/कन्नड), मोठ्या खरेदीला कुठे जाता (कोल्हापूर/बेळगाव).

- मराठी, मराठी, कोल्हापूर : ८
- मराठी, मराठी, बेळगाव : ०
- मराठी, कन्नड, कोल्हापूर : ३
- मराठी, कन्नड, बेळगाव : २
- कन्नड, मराठी, कोल्हापूर : २
- कन्नड, मराठी, बेळगाव : ३
- कन्नड, कन्नड, कोल्हापूर : ०
- कन्नड, कन्नड, बेळगाव : ७

एकूण २५. मॉडेल असं की दोन-दोन प्रश्नांचे संबंध मान्य, तिघांचा मिळून वेगळा परिणाम नाही. म्हणजे जपायच्या बेरजा बारा. भाषा आणि माध्यम: ८, ५, ५, ७. भाषा आणि शहर: ११, २, २, १०. माध्यम आणि शहर: १०, ३, ३, ९. एकही शून्य नाही. 'सगळ्या बेरजा धन आहेत, पुढे चला' असा सल्ला तुम्हाला इथे हमखास मिळेल. तो ऐकू नका.

बेरजा न बदलता हा तक्ता हलवायचा एकच मार्ग आहे. चार खान्यांत ट मिळवायचा: मराठी-मराठी-कोल्हापूर, मराठी-कन्नड-बेळगाव, कन्नड-मराठी-बेळगाव, कन्नड-कन्नड-कोल्हापूर. उरलेल्या चारांतून ट काढायचा. आता दोन शून्यांकडे बघा. कन्नड-कन्नड-कोल्हापूर मिळवायच्या गटात आहे, तिथे ० + ट धन व्हायला ट शून्यापेक्षा मोठा हवा. मराठी-मराठी-बेळगाव काढायच्या गटात आहे, तिथे ० − ट धन व्हायला ट शून्यापेक्षा लहान हवा. दोन्ही एकदम जमत नाही. सगळे खाने धन असलेला तक्ताच नाही, म्हणून एमएलई नाही.

पॉलिटोपच्या भाषेत सांगायचं तर आठ स्तंभांचा हा आकार सहा मितींचा आहे आणि त्याला १६ बाजू (काठाचे सपाट भाग, फॅसेट) आहेत. बारा बाजू त्या बारा बेरजांच्या. उरलेल्या चार कुठल्याच बेरजेत दिसत नाहीत. त्या समोरासमोरच्या खान्यांच्या जोड्या आहेत, म्हणजे तिन्ही उत्तरं उलटी असलेले दोन खाने. असे दोन खाने एकदम शून्य असले की बिंदू काठावर गेला. हॅबरमन यांनी दाखवलेलं प्रसिद्ध उदाहरण हेच.

शून्य दिसला की घाबरायचंही कारण नाही. मराठी-मराठी-बेळगावमध्ये ० ऐवजी १ माणूस असता, एकूण २६, तर ट ला ० ते १ एवढी मोकळी जागा मिळते आणि

(८ + ट)(२ + ट)(३ + ट) ट = (१ − ट)(३ − ट)(२ − ट)(७ − ट)

यातून ट साधारण ०.३२ येतो. एक खाना शून्य असूनही एमएलई व्यवस्थित आहे. पॉलिटोपचं प्रमाणित घनफळ ४ आहे, पण ट⁴ दोन्हीकडे उडतं, म्हणून एमएल डिग्री ३. घनसमीकरण असल्यामुळे इथे 'बेरीज × बेरीज' छापाचं सूत्र मिळत नाही. संगणक लावावाच लागतो.

## ६. तुमचा तक्ता आत आहे का, ते तपासा

मोठ्या तक्त्याच्या पॉलिटोपच्या सगळ्या बाजू काढायला जाऊ नका, त्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते. सोपी तपासणी स्प्रेडशीटमध्ये होते:

क) प्रत्येक खान्यासाठी एक अज्ञात आकडा ठेवा, आणि वेगळा एक आकडा 'स'.

ख) अटी दोन: कडेच्या बेरजा डेटाइतक्याच, आणि प्रत्येक खाना किमान स एवढा.

ग) सॉल्व्हरला स जास्तीत जास्त करायला सांगा. पद्धत रेषीय, म्हणजे सिम्प्लेक्स, निवडा.

स धन आला तर बिंदू आत, पुढे चला. शून्य आला तर काठावर. ०.०००००००३ असं काही आलं तर तो गोल करण्यातला फरक आहे, शून्यच समजा. सॉल्व्हरमध्ये 'पूर्णांक हवेत' अशी अट मात्र घालू नका. इथे अपूर्णांक चालतात.

## ७. आत असेल तर एमएलई काढा

आरमधलं लॉगलिन बेरजा आळीपाळीने जुळवत जातं. ही पद्धत डेमिंग आणि स्टीफन यांची, १९४० ची. तिथे एक बारीक खाच आहे: मुळातली सहनशीलता (टॉलरन्स, म्हणजे बेरजांत किती फरक चालवून घ्यायचा) ०.१ आहे आणि फेऱ्या २०. पंचवीस-तीस माणसांच्या तक्त्याला ०.१ फार ढिलं पडतं. ती ०.०००००१ करा, फेऱ्या हजारावर न्या, आणि आलेल्या तक्त्याच्या बेरजा डेटाशी स्वतः ताडून बघा. बर्च यांची अट पूर्ण झाली का हे तपासायला एवढंच लागतं.

## ८. काठावर असेल तर

सॉफ्टवेअर थांबत नाही, हा खरा धोका. आरमधलं दुसरं फंक्शन, जीएलएम, वापरलं तर सहगुणक प्रचंड येतात, स्टँडर्ड एरर त्याहून प्रचंड, आणि कधी 'फिटेड रेट्स न्यूमेरिकली झिरो' असा इशारा येतो. लॉगलिन मात्र हळूहळू डेटाच्या तक्त्याकडेच सरकत राहतं. वरच्या निपाणीच्या उदाहरणात ते डिग्री ऑफ फ्रीडम १ सांगेल. प्रत्यक्षात ती ० आहे: बिंदू ज्या बाजूवर आहे तिथे सहाच खाने उरतात, आणि मॉडेल त्यांना तंतोतंत बसतं. काय-स्क्वेअर जवळजवळ शून्य, पी-व्हॅल्यू जवळजवळ १, आणि 'मॉडेल उत्तम बसलं' असा निष्कर्ष. त्या वाक्याला काहीच आधार नाही.

करण्यासारखं तीनांपैकी एक:

- आणखी फॉर्म भरून घ्या. वेळ असेल तर हेच सर्वांत चांगलं.
- साधं मॉडेल घ्या. एखादा संबंध वगळला की पॉलिटोप बदलतो आणि बिंदू आत येऊ शकतो.
- बिंदू ज्या बाजूवर आहे तिथले खाने तेवढे ठेवून विस्तारित एमएलई काढा, आणि डिग्री ऑफ फ्रीडम नव्याने मोजा.

प्रत्येक खान्यात ०.५ मिळवण्याची पद्धत सर्रास चालते. त्याने बिंदू आत येतो हे खरं, पण आपल्या उदाहरणात आठ खान्यांचे मिळून चार माणसं आपण स्वतः घातली, पंचवीस खऱ्या माणसांमागे. मी तरी हा मार्ग सुचवत नाही. करणारच असाल तर अहवालात स्पष्ट लिहा.

## ९. अचूक चाचणी करायची असेल तर

नमुना लहान असला की काय-स्क्वेअरवर विसंबता येत नाही. तेव्हा त्याच बेरजा देणारे सगळे पूर्णांकी तक्ते विचारात घेतात. एका तक्त्यातून दुसऱ्यात जायला ज्या चाली लागतात त्यांना मार्कोव्ह बेसिस म्हणतात. डायकोनिस आणि स्टर्मफेल्स यांचा १९९८ चा लेख या विषयाचा पाया मानला जातो. फोर-टी-आय-टू त्या चाली काढून देतं, तुमचं मॅट्रिक्स दिलं की झालं. आपल्या २×२×२ मध्ये चाल एकच, तीच वरची अधिक-उणे ट.

आणि इथेच नमुन्याचा आकार बोलतो. २६ माणसांच्या तक्त्यात ट पूर्णांक म्हणून ० किंवा १ एवढाच, म्हणजे तक्ते दोन. २५ च्या तक्त्यात एकच. ज्या चाचणीत तुलनेला एकच तक्ता आहे तिचा पी-व्हॅल्यू नेहमी १ येणार, डेटा काहीही असो. फॉर्म भरून घेतानाच अधूनमधून ही मोजणी करा. आठ-दहा फॉर्म वाढवायचे असतील तर गावात असतानाच वाढवणं सोपं.

## १०. अहवालात काय लिहायचं

पद्धतीच्या प्रकरणात चार गोष्टी आल्याच पाहिजेत: कुठल्या बेरजा जपल्या, शून्याचे खाने कोणते आणि कुठल्या प्रकारचे, सॉल्व्हरमधून स किती आला, आणि डिग्री ऑफ फ्रीडम कशी मोजली. नमुन्यादाखल: 'तक्त्यात नमुन्यातले दोन शून्य आहेत. ते समोरासमोरच्या खान्यांत असल्यामुळे त्रि-घटक परिणाम वगळलेल्या मॉडेलचा एमएलई अस्तित्वात नाही. म्हणून माध्यम आणि शहर यांचा संबंध वगळून साधं मॉडेल बसवलं आहे.' व्हायवाला (तोंडी परीक्षेत) याच वाक्यावर बोट ठेवतील. तेव्हा आठ खाने फळ्यावर मांडा, चारांपुढे अधिक ट, चारांपुढे उणे ट लिहा, आणि दोन शून्यांभोवती गोल करा.